भावासाठी रंगवलेलं दार

वडगाव, बेळगाव
दि. ६ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
कल्याणीचा शि. सा. न. वि. वि.

तू निपाणीला नीट पोचलास, हे तुझ्या घरमालकांनी, मारुतीरावांनी, फोन करून सांगितलं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर वाचायचं तुला पटत नाही, म्हणून हे पत्र. पोस्टमन म्हणतो, आक्का, अख्ख्या गल्लीत हातानं लिहिलेलं पाकीट तुमचंच असतंय.

भाऊबीजेला तू आलास तेव्हा चार पायऱ्यांत दोनदा थांबलास. मी दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. तुला दिसू नये म्हणून मागं सरले. तू वर आलास आणि बसला उशीर झाला म्हणालास. बसला उशीर झाला नव्हता.

तू गेल्यावर मी गल्लीत उतरून घराकडे बघितलं. इतकी वर्षं आत-बाहेर करताना बघायचं राहून गेलं होतं. दाराच्या रंगाला पापुद्रे सुटलेत. दिव्याचा नुसता होल्डर लोंबतोय. भिंतीवर जनगणनेचे आकडे, आणि कुणाच्या तरी निवडणुकीचा अर्धा फाटलेला कागद. हे जाऊन दोन वर्षं झाली, तेवढ्यात घराचं तोंड असं झालं. पेन्शनीत बसेल तेवढं करून घ्यावं म्हणते. कंग्राळीचा रवळू, माझा चौथीतला विद्यार्थी, आता रंगकाम करतो. त्याला बोलावलंय. तू आयुष्यभर चित्रकला शिकवलीस, तेव्हा रंग तू सांग.

आणि एक स्पष्टच लिहिते. तू इथं राहायला ये. पाहुणा म्हणून नव्हे, कायमचा. पुढचा सोपा रिकामाच आहे. तिकडे तू दोन खोल्यांत एकटा, इकडे मी चार खोल्यांत एकटी. यात काय शहाणपण आहे ते मला कळत नाही.

तुझ्या मायेत उणं नाही हे जाणून,
कल्याणी

*

निपाणी
दि. १५ नोव्हेंबर २०२४

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दाराबद्दल लिहितो.

तपकिरी रंग घेऊ नकोस. काय घ्यावं ते न ठरलेली माणसं तपकिरी घेतात. हिरवा शाळेच्या कपाटांचा. गडद निळा घे आणि त्यात थोडा काळा मिसळायला सांग. चौकट पिवळसर पांढरी ठेव. भिंत फिकट असू दे, म्हणजे दार लांबून दिसेल. जुना रंग खरवडल्याशिवाय नवा लावू देऊ नकोस. रंगारी घाई करतात. रवळू तुझा विद्यार्थी आहे म्हणजे तोही करणार.

पायऱ्या उंच आहेत हे खरं. मध्ये पायऱ्या भरून चाराच्या सहा करता येतील. एका बाजूला लोखंडी पाइपचा कठडा लाव. तो चढताना डाव्या हाताला यावा.

इथं थंडी पडू लागली आहे. मारुतीरावांच्या नातीला सकाळी चित्र काढायला शिकवतो. ती बोलते ते मला ऐकू येत नाही, म्हणून आमचं बरं चाललं आहे.

बाकी मजकूर समजला.

आशीर्वादासह,
शरच्चंद्र

*

वडगाव
दि. २ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

बाकी मजकूर समजला म्हणजे काय? शाळेत असतास तर मी या उत्तराला शून्य दिलं असतं.

काम सुरू झालं. नवं दार घालावं का म्हणून विचारलं तर रवळू माझ्यावरच उखडला. बाई, एवढं सागवान हाय आणि नवीन प्लायवूड कशाला घालताय, खरवडून काढतो, मग बगा म्हणाला. चार दिवस खरवडत होता. हिरवा निघाला, त्याखाली तपकिरी, त्याखाली लाल. लाल मी लग्न होऊन आले तेव्हाचा. तो निघताना मी आत गेले.

समोरच्या मालुबाईला हे सगळं पसंत नाही. तिच्या घरात दोन यंत्रमाग, दिवसभर खडखडाट, तरी तिला माझ्या दारातलं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. म्हणाली, आक्का, दिवाळी झाली, घरात लगीन न्हाय, मग आत्ताच रंग कशाला? इकताय व्हय घर? मी म्हटलं, भाऊ येणार आहे. त्यावर म्हणते, भाऊबीज तर होऊन गेली की.

पायऱ्या सहा केल्या. कठडा भंगारवाल्याकडच्या पाइपचा, पण सरळ आहे. डाव्या हाताला लावला. डावीकडेच का, हे रवळूनं विचारलं, मी सांगितलं नाही. तुझा उजवा गुडघा दुखतो.

बेलही बसवली. मी मागच्या अंगणात असले की पुढचं काही ऐकू येत नाही. हे होते तेव्हा त्यांना ऐकू यायचं. तू आलास की बेल दाब. कठड्याजवळच, हाताशी आहे.

तर आता नीट उत्तर दे. येणार का?

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
कल्याणी

*

निपाणी
दि. २० डिसेंबर २०२४

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद.

तू उत्तर मागतेस म्हणून लिहितो.

आप्पा तुझ्या घरी कधी जेवले नाहीत. मुलीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हे त्यांनी धरलं. तुला मूल झालं नाही. ते बेळगावला आले की तुझ्या पायरीवर बसायचे, तुला बघायचे आणि स्टँडवर जाऊन जेवायचे. मला ते कधी पटलं नाही. मी तुझ्याकडे जेवलो, दर भाऊबीजेला जेवलो. पण भाऊबीजेला जेवणं वेगळं आणि गादी घेऊन राहायला येणं वेगळं. भावानं बहिणीच्या दारात काही हातात घेऊन यावं. माझ्या हातात आता काय आहे? एक बॅग आणि कानात घालायचं यंत्र, जे चालत नाही.

हे मी पटवून घेतलेलं नाही. पण ते जात नाही.

दार खरवडून घेतलंस हे वाचून बरं वाटलं. किल्ली फिरवायच्या जागी रंग जाड बसतो आणि नंतर टवके निघतात, तेवढं बघून घे. बेल बसवलीस ते ठीक. मला ती ऐकू येणार नाही, पण ती तुझ्यासाठी आहे.

सोप्यात ऊन सकाळी येतं की दुपारी?

आशीर्वादासह,
शरच्चंद्र

*

वडगाव
दि. ४ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सकाळी. आठपासून साडेदहापर्यंत. खिडकीच्या पट्ट्या पडतात जमिनीवर. बसून वाचता येईल इतकं असतं.

आप्पांचं तू लिहिलंस ते मला माहीत होतं. मी खिडकीतून बघायची. त्याबद्दल पुढं कधीतरी बोलू, समोरासमोर, म्हणजे तुझ्या कानात ओरडून.

काम पुरं झालं. भिंतीला चुना, दाराला तू सांगितलेला निळा, दिव्याला मोरीवरच्या जुन्या दिव्याची शेड. रंगाचे रिकामे डबे पुसून त्यांत झेंडू आणि गवती चहा लावला. रवळू जाताना दारापासून दहा पावलं मागं गेला आणि म्हणाला, बाई, आता घर लई शिकल्यालं दिसतंय.

एक अडचण झाली, ती सांगते. दार उघडं असलं की आत वळतं आणि निळ्याची नुसती कड दिसते. बंद केलं तरच दिसतं. शिवाय तू बघेपर्यंत त्यावर ओरखडा पडू नये असं वाटतं. म्हणून मी ते दिवसा लावून ठेवते. आपल्या गल्लीत दिवसा दार कुणी लावत नाही. लावलं की लोक समजतात, माणूस गावाला गेलं. येता-जाता हाक मारायचे, आक्का, जेवण झालं काय म्हणून, ते आता थांबलं. मालुबाईनं परवा विचारलं, कुठं गेलता आक्का चार दिवस? मी घरातच होते.

दुपारी चप्पल घालते, समोर मालुबाईच्या भिंतीला टेकून उभी राहते आणि दाराकडे बघते. फार चांगलं झालंय. बघताना वाटतं, आता कुणीतरी उघडेल. उघडणारी मीच बाहेर असते.

तू ये, म्हणजे दार उघडं टाकीन. मग ओरखडे पडले तरी चालतील.

तुझ्या होकाराची आस धरून,
कल्याणी

*

निपाणी
दि. २३ जानेवारी २०२५

चि. कल्याणीस,
आशीर्वाद.

माझ्या तिकडे राहायला येण्याचा विषय यापुढे पत्रात काढू नये. मी पुष्कळ विचार केला आहे. इथं माझं बरं चाललं आहे. मी खोली बदलली. मागची घेतली आहे, एका माणसाला तेवढी पुरते.

तुझ्या घराचं काम चांगलं झालं आहे. कठडा मजबूत आहे. तिसऱ्या पायरीची कड उडाली आहे, ती सिमेंटनं भरून घे, नाहीतर पाय मुरगळेल.

प्रकृतीस जप.

शरच्चंद्र

*

वडगाव
दि. ३० जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा रडत. तिसऱ्यांदा पायरीवर जाऊन बसले.

तिसऱ्या पायरीची कड, रवळू राहिलेली शिडी न्यायला आला तेव्हा ती पडून उडाली, संक्रांतीच्या आधी. ते मी तुला लिहिलेलं नाही.

मी मालुबाईकडे गेले. तिला काही माहीत नव्हतं. ती मंगळवारी, एकवीस तारखेला, खानापूरला लेकीकडे गेली होती. तिची नवी सून नीलम, दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली, तिनं तुला कधी बघितलेलं नाही. ती म्हणाली, एक म्हातारं माणूस आलतं की, मोठी बॅग घेऊन. अर्धा तास पायरीवर बसलंतं. मी हिकडनं सांगितलं, आजोबा, दार बंद हाय, आक्का गावाला गेल्यात वाटतं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

अण्णा, मी घरातच होते. मागच्या अंगणात गोधड्या धूत होते. एकवीस तारखेला सकाळी दहापासून चारपर्यंत लाइट नव्हती. लाइनचं काम आहे म्हणून आदल्या दिवशी पेपरात आलं होतं. गल्लीतले सगळे माग बंद होते. बेल वाजलीच नाही. तू दाबलीस आणि ती वाजली नाही, आणि हे तुला कळायला काही मार्ग नव्हता.

मी ही बेल बसवली तेव्हा लाइटचा विचार केला नाही. तुझ्या कानांचाही केला नाही. दार लावून ठेवलं ते तुला छान दिसावं म्हणून.

तू परत का गेलास ते मला लिही. कडी का वाजवली नाहीस? हाक का मारली नाहीस? जे काय असेल ते लिही. बाकी मजकूर समजला असं लिहू नकोस.

तुझी,
कल्याणी

*

निपाणी
दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद.

लिहितो.

येतो असं कागदावर लिहायला मला जमत नव्हतं. तीन पत्रं फाडली. मग वाटलं, जाऊनच उभं राहावं, म्हणजे लिहावं लागणार नाही. मारुतीरावांना खोली सोडतो म्हणून सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ती बँकेतल्या एका जोडप्याला द्यायची ठरवली. बॅग भरली आणि निघालो.

सहा पायऱ्या एकदाही न थांबता चढलो. दार बंद होतं. बंद दार म्हणजे माणूस गावाला, हे मलाही माहीत आहे. पण तुझ्या चपला बाहेर होत्या. म्हणजे तू आत होतीस. बेल दाबली. थांबलो. पुन्हा दाबली. कडी वाजवणार होतो, पण ती पितळी कडी नव्या रंगावर आपटली असती. रंग फार नितळ बसला आहे. हाक मारावी तर माझा आवाज किती मोठा होतो हे मला कळत नाही. गल्ली गोळा झाली असती, आणि माझ्या हातात बॅग.

मग खाली बसलो. तुझ्याकडे आलं की पायरीवर बसल्यावर मागांचा हादरा कंबरेपर्यंत जाणवतो. ऐकू येणं बंद झालं तरी तेवढं राहिलं होतं. त्या दिवशी दगड थंडगार पडलेला. मला वाटलं, आता तेही गेलं. माग बंद आहेत, म्हणजे लाइट नाही, म्हणजे बेल वाजली नाही, एवढा साधा हिशेब मला सुचला नाही. तुझं पत्र आल्यावर सुचला.

तेव्हा मी दुसरंच समजलो. तीन महिने तू विचारत होतीस आणि मी पायऱ्यांबद्दल लिहीत होतो. वाटलं, बेल ऐकून तू आत उभी आहेस. आता उत्तर न द्यायची पाळी तुझी आहे आणि ते रास्त आहे. एक मुलगी समोरून काहीतरी बोलली. ती आक्कांनी दार उघडायचं नाही म्हणून सांगितलंय असं म्हणाली असेल, असं धरून मी मान हलवली.

परत आल्यावर मारुतीराव हसून म्हणाले असावेत, मास्तर, बहिणीनं परत धाडलं व्हय? त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. मी म्हटलं, ओल्या रंगाचा वास सोसत नाही. त्यांनी मागची खोली दिली. भले आहेत.

चूक कुणाची नाही हे आता मला समजलं. तरी मी येणार नाही, कल्याणी. रागावून नव्हे. त्या अर्ध्या तासात दार उघडावं असं मला किती वाटलं, ते तुला सांगता येणार नाही. इतकं वाटत असेल हे मला स्वतःला माहीत नव्हतं. तुझी वहिनी गेल्यावर मी असं काही वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते पाळलं असं समजून चाललो होतो. आता पुन्हा तिथं उभं राहायची माझी हिंमत नाही. दार उघडं असलं तरी नाही.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. पत्रं लिहीत जा.

आशीर्वादासह,
शरच्चंद्र

*

वडगाव
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

ठीक आहे. तू येऊ नकोस. यापुढे विचारणार नाही.

शुक्रवारी मी निपाणीला येते आहे. सकाळच्या कोल्हापूर बसनं, साडेदहाच्या सुमारास पोचेन. किती दिवसांसाठी, ते विचारू नकोस. भावानं बहिणीच्या घरी राहायला कारणं लागतात, हे तू चार पानं लिहून मला पटवलंस. बहिणीनं भावाकडे यायला कारण लागत नाही. वहिनी गेल्यापासून मला कुणी माहेरी बोलावलं नाही. तू पुरुषमाणूस, तुला सुचलं नसेल. मलाही एकोणसत्तर वर्षांच्या बाईनं माहेरपण मागायचं म्हणजे लाज वाटत होती. आता वाटत नाही.

मारुतीरावांना सांग, बहीण माहेरपणाला येतेय, चौकशी नको. खोली लहान आहे हे समजलं. मी माझी गादी घेऊन येते. दोन गाद्या बसल्या नाहीत तर तुझी पुस्तकं बाहेर काढू. स्वयंपाक मी करीन, भांडी तू घासायची. मारुतीरावांच्या नातीला शुद्धलेखन मी शिकवीन, तुझ्या चित्रांखाली ती काय लिहिते ते बघायला हवं.

मालुबाईला सांगितलं तेव्हा तिनं आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, एवढं रंगवून कुलूप लावणार व्हय आक्का? मी म्हटलं, लावणार. तिनं डब्यांतल्या झेंडूंना पाणी घालायचं कबूल केलं. दार पुसायचं नाही असं मी सांगितलं, तरी ती पुसणार.

खरं सांगते, गेले दोन दिवस मी कुलूप हातात घेऊन बघत होते. हे घर मी पंचेचाळीस वर्षांत एक रात्रही बंद ठेवलेलं नाही. हे दवाखान्यात होते तेव्हासुद्धा कुणीतरी असायचं. शुक्रवारी सकाळी लावीन आणि मागं न बघता जाईन. बघितलं तर जमणार नाही.

तू स्टँडवर येऊ नकोस, गुडघा दुखेल. मी रिक्षा करीन. मागच्या खोलीचं दार कुठल्या बाजूनं आहे ते मला माहीत नाही. तू बाहेर खुर्ची टाकून बस. मला बघून उठू नकोस, माझ्याकडे गादी असेल, मला दोन्ही हात लागतील.

तुझ्या घरी राहायला येणारी,
कल्याणी